दहावीच्या इंग्रजी पेपराची वंशावळ

दहावीच्या वर्गात वाक्य फळ्यावर लिहून शब्दांच्या जाती ओळखायला सांगतात. त्या प्रश्नाचे मूळ शोधत निघालो, तर आपण लंडनला थांबत नाही. थेट अलेक्झांड्रियात उतरतो. इसवी सनापूर्वी शंभर वर्षांच्या सुमारास तिथल्या विद्यापरंपरेत वाढलेल्या डायोनिसियस थ्रॅक्स या पंडिताच्या नावावर ग्रीक व्याकरणाची एक लहानशी पुस्तिका आहे. तिच्यात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. होमरची काव्ये तोवर इतकी जुनी झाली होती की नव्या पिढीला ती समजावून द्यावी लागत, आणि त्या खटाटोपातून हे शास्त्र उभे राहिले. पुढे रोमन लोकांनी ते जसेच्या तसे उचलले. लॅटिनमध्ये उपपद नाही, म्हणून एक जात गळाली. तेव्हा आठाचा आकडा मोडू नये यासाठी त्यांनी केवलप्रयोगी अव्ययाला वेगळे आसन दिले. आठच का, असा प्रश्न फारसा कोणाला पडलेला दिसत नाही. चौथ्या शतकात रोममध्ये डोनाटस नावाचा शिक्षक होऊन गेला. संत जेरोम त्याचा विद्यार्थी. डोनाटसने मुलांसाठी हेच व्याकरण प्रश्नोत्तरांच्या रूपात बसवले. शब्दांच्या जाती किती, त्या कोणत्या, नामाला काय काय लागते, असे प्रश्न आणि लागलीच त्यांची तयार उत्तरे. युरोपातल्या मुलांनी हे पुस्तक हजारभर वर्षे घोकले. ज्याला आपण आज गाईड म्हणतो, त्याचा मूळपुरुष मला तरी हा डोनाटसच वाटतो.

इंग्लंडमध्ये ‘ग्रामर स्कूल’ निघाली, त्यांतले ग्रामर इंग्रजीचे नव्हतेच. ते लॅटिनचे होते. सोळाव्या शतकात विल्यम लिली याच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण आठव्या हेन्रीने सगळ्या शाळांना लावून दिले. राजाज्ञेने एकच पाठ्यपुस्तक, ही कल्पना तेव्हापासूनची. शेक्सपिअर याच पुस्तकावर शिकला असावा, कारण त्याच्या एका सुखात्मिकेत विल्यम नावाचाच एक पोरगा गुरुजींसमोर लॅटिनची रूपे चालवताना अडखळतो आणि शेजारी उभी असलेली बाई भलतेच अर्थ लावते, असा प्रवेश आहे. परीक्षेची चेष्टा परीक्षेइतकीच जुनी म्हणायची! इंग्रजी भाषेचे इंग्रजीत लिहिलेले पहिले व्याकरण १५८६ चे, विल्यम बुलोकर याचे. आपल्या बोलीलाही नियम आहेत हे जगाला दाखवणे हा त्याचा हेतू होता. पण ते दाखवण्यासाठी त्याने साचा वापरला तो लॅटिनचाच. मराठी मुलाला पुढे इंग्रजी व्याकरण परके वाटले, यात नवल नाही. ते इंग्रजीलाही थोडे परकेच होते.

आता आपण अठराव्या शतकात येऊ, कारण आजच्या पेपरातले ‘चूक दुरुस्त करा’ इथे जन्मले. न्यूकॅसलमध्ये अ‍ॅन फिशर ही बाई शाळा चालवी. १७४५ च्या सुमारास तिने इंग्रजीचे एक व्याकरण लिहिले आणि त्यात मुद्दाम अशुद्ध वाक्ये घालून ती मुलांना शुद्ध करायला लावली. इंग्रजी व्याकरण लिहून छापणाऱ्या स्त्रियांत तिचा मान पहिला, तरी तिचे नाव आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने तीच युक्ती वरच्या पातळीवर नेली. त्याने शेक्सपिअर, मिल्टन, पोप अशा थोरांच्या लेखनातल्या चुका वेचून तळटीपांत मांडल्या. मोठ्यांच्याही चुका होतात, हा दिलासा त्यातून वाचकाला मिळावा. प्रत्यक्षात मिळाली ती धास्ती. आणि मग आला लिंडली मरे. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कला वकिली करून पैसा मिळवलेला हा क्वेकर गृहस्थ प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडात येऊन यॉर्क शहराजवळ राहिला. त्याला पुढे चालणेही कठीण झाले. गावातल्या क्वेकर मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली म्हणून त्याने १७९५ मध्ये एक व्याकरण लिहिले. १७९७ मध्ये त्याला जोडून स्वाध्यायांचे पुस्तक काढले, त्याच वर्षी त्या स्वाध्यायांची उत्तरे देणारी ‘की’ काढली, आणि १७९९ मध्ये वाचनासाठी निवडक उताऱ्यांचा संग्रह. व्याकरण, सराव, उत्तरे, वाचन. चार वर्षांत पूर्ण संच तयार! यॉर्कच्या मूठभर मुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकांच्या लाखो प्रती अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर खपल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून त्या हिंदुस्थानातही उतरल्या.

मरेच्याच काळात जर्मनीत दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता, त्याचीही नोंद इथेच करून ठेवू. पुढे मुंबईत तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे. योहान माइडिंगर याने १७८३ मध्ये जर्मनांसाठी फ्रेंचचे एक पुस्तक काढले. नियम द्यायचा, त्यासाठी लागणारे शब्द द्यायचे आणि आपल्या भाषेतली वाक्ये परक्या भाषेत करायला लावायची, अशी त्याची रचना. दहा वर्षांनी, १७९३ मध्ये, योहान फिक याने त्याच धर्तीवर जर्मनांसाठी इंग्रजीचे पुस्तक लिहिले. तोवर प्रौढ विद्वान परभाषा शिकत ते ग्रंथ आणि कोश समोर ठेवून, वाचत वाचत. शाळेतल्या कंटाळलेल्या मुलाला ते जमत नाही, म्हणून हे लहान लहान घास. वाक्यांना एकमेकांशी काही देणेघेणे नसे. पण हा दोष पद्धतीच्या पोटातच होता. नियम गिरवायचा तर अर्थ बाजूला राहणार.

मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षण रुजले ते इतर इलाख्यांपेक्षा थोड्या वेगळ्या वाटेने. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ गव्हर्नर होता, आणि देशी भाषांतून पुस्तके तयार करवणे हा त्याच्या धोरणाचा मोठा भाग होता. तो परत गेला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावे निधी जमवला, त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभे राहिले आणि तिथे इंग्रजी शिकलेली पहिली मराठी पिढी घडली. कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर त्या पिढीचे अग्रणी. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांचे ‘दर्पण’ निघाले. आपण ते पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून लक्षात ठेवतो. पण त्याचे पान डोळ्यांसमोर आणले तर दुसरीच गोष्ट दिसते. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. बातमी तर कळावीच, पण जाता जाता इंग्रजीही वाचता यावे, अशी सोय त्यात आपोआप झाली होती. परीक्षा नव्हती, गुण नव्हते. इंग्रजी वाचनाचा सराव म्हणून इतकी चांगली सोय नंतर क्वचितच झाली असेल. १८३४ मध्ये जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. वय अवघे बावीस.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी त्यांना मिळाली, आणि ती योग्यच. पण त्यांच्या पुस्तकाची मांडणी पाणिनीची नाही. ती इंग्रजी व्याकरणांची आहे. संस्कृत परंपरेत शब्दांचे वर्ग नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चारच. मराठी मुले शाळेत जी आठ नावे पाठ करतात, नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत, ती अलेक्झांड्रियाहून रोम, रोमहून लंडन आणि लंडनहून मुंबई असा प्रवास करून आलेली आहेत. म्हणजे इंग्रजी व्याकरणाच्या सरावाने मराठी माणसाला आधी इंग्रजी शिकवले आणि मग आपली मराठी पाहण्याचा चष्माही दिला. शब्दसंग्रहाचे काम याच सुमारास दोघा फौजी गोऱ्यांनी केले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, आणि मोल्सवर्थ व मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी कळावी म्हणून जो उद्योग सुरू झाला, त्याचा फायदा उलट बाजूने मराठी विद्यार्थ्यांनी घेतला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत तयार झालेले कृष्णशास्त्री चिपळूणकर शास्त्री झाल्यावर वयाने जाणते असताना इंग्रजी शिकले आणि पुढे त्यांनी डॉक्टर जॉन्सनची ‘रासेलस’ मराठीत आणायला घेतली. ते काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या हातूनही पुढे गेले. त्या दोघांची इंग्रजी कुठल्या प्रश्नपत्रिकेने मोजली होती असे नाही, पण तिला दाद आजही द्यावी लागते.

इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारे मॅकॉलेचे टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे. त्याची सावली मुंबईवर उशिरा पडली. इथे शिक्षण मंडळात चाळीसच्या दशकात चांगली जुंपली. एका बाजूला अध्यक्ष अर्स्किन पेरी, त्यांना उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे. दुसऱ्या बाजूला कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट, त्यांचा आग्रह देशी भाषांचा. एक गोरा अधिकारी आणि एक मराठी शेठ एका बाजूने लढताहेत, हे चित्र शाळेच्या इतिहासात सहसा कोणी काढून दाखवत नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोघांनाही थोडेथोडे दिले. खाली देशी भाषा, वर इंग्रजी, आणि या दोहोंच्या मध्ये एक दरवाजा. तो दरवाजा १८५७ मध्ये बसला. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला; नमुना लंडन विद्यापीठाचा. हे विद्यापीठ तेव्हा शिकवत नव्हते, फक्त परीक्षा घेत होते. पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, १८५९ मध्ये झाली. उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. शाळा कशी असावी, काय शिकवावे, कोणते पुस्तक लावावे, हे आता शाळा ठरवीनाशी झाली. ते वरच्या दरवाजावरची परीक्षा ठरवू लागली.

ही परीक्षा नावाने प्रवेशपरीक्षा, पण बहुतेकांसाठी तीच अखेरची. कॉलेजात जाणारे थोडे. बाकीच्यांना मॅट्रिकच्या दाखल्यावर कचेरीत कारकुनी, रेल्वेत किंवा तारखात्यात जागा, नाहीतर शाळेत मास्तरकी मिळे. त्यामुळे इंग्रजीच्या पेपराला एक विचित्र वजन आले. गणितात नापास झालेला मुलगा गणितात कच्चा असे. इंग्रजीत नापास झालेला मुलगा आयुष्यातच कच्चा ठरे. कवितेचा गद्यात अर्थ लिहा, शब्दाची व्याकरण-चालवणी करा, मराठी उताऱ्याचे इंग्रजी करा, एखाद्या गुणावर निबंध लिहा, अशी या पेपराची घडण होती. टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक झाले, गोखले १८८१ मध्ये, आणि १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर. ही नावे घेताना आपण यशाच्या बाजूने पाहतो. त्यांच्या आगेमागे बाकांवर बसून त्याच पेपरात अडकलेल्यांची नावे कुठल्या चरित्रात आलेली नाहीत. मराठी कथा-कादंबऱ्यांत मात्र ‘नॉनमॅट्रिक’ हे पात्र शंभर वर्षे वावरले. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा विष्णुशास्त्री आणि टिळक यांच्यासारख्या कडव्या स्वाभिमानी माणसांनीही शाळेच्या नावातच इंग्रजी ठेवली. मॅट्रिकला मुले पास करून दाखवल्याशिवाय राष्ट्रीय शिक्षणाचे नाव काढता येणार नाही, हा त्यांचा व्यवहार होता आणि तो बरोबर होता.

मुलींच्या वाट्याला हा पेपर यायला भांडण करावे लागले. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा मुलींना इंग्रजी कशाला, म्हणून ‘केसरी’ने टीका केली. घरोघरची टीका त्याहून बोचरी असे. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत इंग्रजी शिकताना घरातल्या बायकांचे किती टोमणे ऐकले ते लिहून ठेवले आहे. नवरा न्यायाधीश, त्यानेच शिकायला लावलेले, तरी धडा लपून करायचा. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा शिकवण्याचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजीला विषयाच्या जागी बसवले. पुढे स्वतंत्र भारतात सरकारने जी घडी घातली, तिची पहिली शिलाई इथे आहे.

आता तो जर्मन प्रवाह. पहिल्या तुकडीत मॅट्रिक झालेल्या भांडारकरांनी १८६० च्या दशकात संस्कृतची दोन शालेय पुस्तके लिहिली. पहिल्याचे नाव ‘मार्गोपदेशिका’. प्रत्येक धड्यात नियम, शब्द, संस्कृत वाक्यांचे इंग्रजी, मग इंग्रजी वाक्यांचे संस्कृत. माइडिंगर आणि फिक यांचाच आराखडा, पण देववाणीसाठी! त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीसाठी हेच काम ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’ने केले. तीन भाग, मराठीतून नियम, शब्दांच्या याद्या, आणि मराठीचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी करायची असंख्य वाक्ये. मराठी माणसाची इंग्रजी घडवण्यात या पुस्तकाइतका वाटा कुठल्याच विद्यापीठाचा नसेल. शिक्षक नसलेल्या गावात, दिव्याच्या उजेडात, एकट्याने बसून करता येईल असे ते पुस्तक होते. त्याला नावेही खूप ठेवली गेली. ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणजे शुद्ध पण कृत्रिम, जणू इस्त्री केलेली. टीका खरी आहे. तरीही मला या पाठमालेचा मोठेपणा वेगळ्याच गोष्टीत दिसतो. मरेने यॉर्कच्या मुली समोर ठेवून लिहिले. पाठमाला मराठी मुलाला समोर ठेवून लिहिलेली होती. आपल्या वाक्यात कर्म क्रियापदाच्या आधी येते आणि इंग्रजीत नंतर. आपण ‘ला’ लावतो तिथे इंग्रजी नुसत्या जागेवर भागवते. आपल्याकडे उपपद नाहीच. मुलगा नेमका कुठे ठेचकाळणार, हे तिला आधीच ठाऊक होते.

परीक्षकांना मात्र नवनवी हत्यारे बाहेरूनच मिळत राहिली. वाक्यपृथक्करण, म्हणजे मुख्य वाक्य कोणते, गौण कोणते, ते कशाचे काम करते, हा प्रकार मूळ जर्मन व्याकरणकार बेकर याचा. १८५२ मध्ये जे. डी. मॉरेल या शाळा-निरीक्षकाने तो इंग्रजीत रुळवला आणि लवकरच तो इथल्या वर्गांत शिरला. वायव्य प्रांतात शिक्षणसंचालक राहिलेल्या जॉन कॉलिन्सन नेसफील्डने १८९० च्या दशकात हिंदुस्थानी विद्यार्थ्यांसाठी व्याकरणांची मालाच काढली. दोन वाक्यांचे एक करा, एकाची दोन करा, अर्थ न बदलता रूप बदला, हे प्रश्न त्याने अशा पक्क्या साच्यात बसवले की त्यांतून आपण अजून बाहेर आलेलो नाही. परीक्षकाला ते सोयीचे होते. उत्तर एकच, गुण अर्धा किंवा एक, वादाला जागा नाही. आणि मग रेन अँड मार्टिन. पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन १९०३ मध्ये हिंदुस्थानी शिक्षणसेवेत आला. नेमणूक कराचीला, जी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १९१७ पर्यंत तो इथे होता. परत गेल्यावर त्याने १९२४ मध्ये फ्रेंच परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिली आणि ती जगभर गाजली. वाळवंट, किल्ला, चोरीला गेलेला नीलम, तीन भाऊ! या माणसाने एच. मार्टिन याच्याबरोबर केलेले हायस्कूल व्याकरण १९३५ च्या सुमारास मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी छापले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ते लिहिले गेले असे सांगतात. ते अधिकारी गेले, मुले गेली, पुस्तक राहिले. त्याच्या सुधारित आवृत्त्या एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सिद्ध केल्या आणि आज ते दिल्लीत छापून भारतभर जाते. लंडनच्या दुकानात रेन विचारला तर कादंबरीकार म्हणून ओळखतील, तेही एखादा जुना वाचकच. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात विचारला तर दुकानदार वर न पाहता व्याकरण हातात देईल.

वाचनाची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी, हे फार उशिरा सुचले. जुन्या मॅट्रिकमध्ये वाचन म्हणजे नेमलेले पुस्तक, आणि नेमलेले पुस्तक म्हणजे त्यावरच्या टिपा. वेगळा विचार केला तो ढाक्याच्या मायकेल वेस्टने. तिथे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना त्याला दिसले की बंगाली मुले पाचसहा वर्षे इंग्रजी शिकतात, मध्येच शाळा सोडतात आणि हातात काहीच उरत नाही. विम्याचा हप्ता मध्येच बंद पडला तरी काही रक्कम परत मिळते. इंग्रजीचे तसे का नसावे, असा त्याचा सवाल होता. निदान वाचता तरी यावे! म्हणून १९२० च्या दशकात त्याने मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला काढली. नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने आणायचा आणि आणला की पुन्हा पुन्हा वापरायचा. १९३५ च्या त्याच्या कोशात चोवीस हजार नोंदींचे अर्थ १४९० शब्दांच्या मर्यादेत दिले आहेत. आज कुठल्याही शालेय धड्याच्या कडेला कठीण शब्दांचे सोपे इंग्रजी अर्थ छापलेले असतात, त्यामागे हा ढाक्याचा खटाटोप आहे. इकडे अमेरिकेत कॅन्ससच्या फ्रेडरिक केली याने १९१५ च्या सुमारास मुक्या वाचनाची कसोटी तयार केली आणि दिलेल्या पर्यायांतून एक निवडायला लावले; शिक्षकागणिक गुण बदलू नयेत, हा त्याचा हेतू. आणि १९५३ मध्ये विल्सन टेलर याने उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाला भरायला लावले. त्याला मुलांची परीक्षा घ्यायचीच नव्हती. वर्तमानपत्राचा मजकूर किती सुबोध आहे हे मोजायचे होते. परीक्षामंडळांनी ते माप उलटे फिरवले आणि मजकुराऐवजी मुलाला लावले.

स्वातंत्र्यानंतरची हकिकत वेगाने सांगता येईल, कारण ती बव्हंशी वर्ग आणि इयत्ता यांच्या हलवाहलवीची आहे. १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून घेतली गेली आणि मॅट्रिकची एस.एस.सी. झाली, जुनी माणसे तरी मॅट्रिकच म्हणत राहिली. बाळासाहेब खेर यांच्या काळात इंग्रजी आठवीवर ढकलली गेली. महाराष्ट्र झाल्यावर ती पाचवीवर आली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ स्थापन झाले. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची तुकडीही बाहेर पडली आणि कॉलेजांच्या दारात दोन पिढ्या एकदम उभ्या राहिल्या. २००० सालापासून रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी थेट पहिलीपासून सुरू झाली. या सगळ्यात शिकवण्याच्या पद्धतीत एक मोठे वळण मात्र आले. टोकियोत हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी यांनी विकसित केलेली वाक्यरचनांवर आधारलेली शिकवण पन्नास-साठच्या दशकांत भारतभर पोहोचली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्थाही निघाली. वर्गात मातृभाषा नको, भाषांतर तर मुळीच नको, असा नवा दंडक आला. तर्खडकर एका रात्रीत कालबाह्य ठरले. प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षक वर्गात दार दाखवून ‘धिस इज अ डोअर’ म्हणू लागले, आणि मुले घरी जाऊन वडिलांच्या कपाटातली पाठमाला उघडू लागली.

या काळात सगळ्यात भरभराटले ते गाईड. १९५९ मध्ये सुरू झालेले नवनीत, पुढे अपेक्षित प्रश्नसंच, त्यांतही ‘२१ अपेक्षित’ ही मराठी घरांतली दरवर्षीच्या डिसेंबरातली खरेदी झाली. विद्वानांनी गाईडांना सदैव हिणवले. मला तसे वाटत नाही. मंडळाने पद्धत बदलली की शिक्षकाच्या आधी ती गाईडकाराला कळते, आणि दुर्गम खेड्यातल्या मुलाला बोर्डाच्या मनात काय आहे हे सांगणारा तोच एक असतो. दोष आहे तो असा, की गाईड प्रश्नाचे उत्तर शिकवते आणि इंग्रजी शिकवायचे राहून जाते. पण पेपर तेवढेच मागत असेल, तर गाईडकाराने जास्त का द्यावे? मंडळालाही हे जाणवले असावे. प्रश्नपत्रिकेची आता कृतिपत्रिका झाली आहे. पाहिलेला उतारा, न पाहिलेला उतारा, कविता, त्यांवर शब्द, व्याकरण, स्वतःचे मत, मग पत्र, संवाद, माहितीचे रूपांतर. २०१९ मध्ये भाषांचे तोंडी व अंतर्गत गुण काढले गेले, त्या वर्षी दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. वीस गुणांचा हिशेब मंत्रालयापर्यंत पोहोचला, उताऱ्यावरच्या प्रश्नांची चर्चा कोणी केली नाही.

ही कृतिपत्रिका हातात घेऊन आपण वरून खाली येऊ लागलो, की एकेका प्रश्नाचा मालक ओळखू येतो. शब्दांच्या जाती थ्रॅक्सच्या, चूक दुरुस्ती अ‍ॅन फिशरची, वाक्यरूपांतर नेसफील्डचे, पर्याय केलीचे, गाळलेल्या जागा टेलरच्या. यांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर लातूर किंवा सावंतवाडीचा मुलगा नव्हता. मात्र मराठी माध्यमाच्या मुलांसाठी जी तिसऱ्या भाषेची कृतिपत्रिका असते, तिच्या शेवटी पाच गुणांचा एक प्रश्न असतो. चार इंग्रजी शब्दांचे आपल्या माध्यमाच्या भाषेत अर्थ लिहा, दोन वाक्यांचे भाषांतर करा, एका म्हणीचे किंवा वाक्प्रचाराचे आपल्या भाषेतले रूप द्या. शब्दाला अर्धा गुण, वाक्याला एक, म्हणीला एक. साठ वर्षांपूर्वी वर्गाबाहेर काढलेले भाषांतर इतक्या किरकोळ भाड्याने परत राहायला आले आहे. शिकवण्यांचे मास्तर या प्रश्नाला ‘सोपे पाच’ म्हणतात आणि तासाला सगळ्यात शेवटी घेतात.